नव्या कॅमेऱ्याची प्रतीक्षा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांचा मोठा भाग एकाच तक्रारीचा आहे. नवा, महागडा कॅमेरा जाहीर होतो, पैशांची जुळवाजुळव होते, दुकानात नाव नोंदवले जाते आणि मग महिनोन्‌महिने ‘माल आलेला नाही’ एवढेच उत्तर मिळत राहते. त्यांतली चार पत्रे या अंकात घेतली आहेत. ज्यांनी मिळतेजुळते प्रश्न विचारले होते त्यांनी हीच उत्तरे आपल्यासाठीही समजावीत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. सकाळी गोदाकाठी फिरताना आणि नातवंडांचे फोटो काढण्यासाठी फुजीफिल्मचा ‘एक्स१०० सिक्स’ घ्यावा असे ठरवून दुकानात नाव नोंदवले. दरवेळी ‘वरूनच माल कमी येतो’ असे सांगतात. मागणी डोळ्यांसमोर दिसत असताना एवढी मोठी कंपनी जास्त कॅमेरे का बनवत नाही? भाव टिकवण्यासाठी मुद्दाम टंचाई केली जाते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हा संशय अनेकांच्या मनात आहे आणि तो अस्वाभाविकही नाही. परंतु या मालिकेचा इतिहास पाहिला तर मुद्दाम केलेल्या टंचाईचा तर्क लढवण्याची गरज उरत नाही, कारण साधी आणि उघड कारणेच पुरेशी आहेत.

या मालिकेतला पहिला ‘एक्स१००’ सप्टेंबर २०१० मध्ये जर्मनीतल्या कोलोन येथील फोटोकिना प्रदर्शनात जाहीर झाला आणि मार्च २०११ मध्ये बाजारात आला. त्याच महिन्याच्या ११ तारखेला जपानच्या ईशान्य भागात प्रचंड भूकंप आणि त्सुनामी झाली. हा कॅमेरा जिथे तयार होत होता तो कारखाना मियागी प्रांतात, म्हणजे नेमका आपत्तीच्या टापूतच होता आणि तिथले काम थांबले. म्हणजे रांग लावून वाट पाहण्याची वेळ या कॅमेऱ्याच्या ग्राहकांवर पहिल्याच मॉडेलपासून आली. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये पाचवे मॉडेल, ‘एक्स१०० व्ही’, आले. पहिली दोन वर्षे ते बेताने विकले गेले. मग टिकटॉकवरच्या छोट्या व्हिडिओंमुळे तरुण मंडळींचे लक्ष या जुन्या वळणाच्या, धातूच्या चकत्या फिरवून चालवायच्या कॅमेऱ्याकडे गेले आणि एका जुन्या होत चाललेल्या मॉडेलला अचानक नव्यापेक्षा जास्त मागणी आली. कोणताही उत्पादक तिसऱ्या वर्षात गेलेल्या मॉडेलचे उत्पादन हळूहळू उतरवण्याच्या तयारीत असतो, चढवण्याच्या नाही. परिणाम असा झाला की वापरलेला कॅमेरा नव्याच्या छापील किमतीपेक्षा महाग विकला जाऊ लागला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी टोकियोत सहावे मॉडेल जाहीर झाले, तेव्हा पाचव्यासाठी थांबलेले आणि सहाव्यासाठी नव्याने आलेले असे दोन्ही ग्राहक एकदमच दारात उभे होते. त्यात ४०.२ मेगापिक्सेलचा सेन्सर (प्रकाशापासून चित्र तयार करणारी चिप) आणि हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा, या दोन गोष्टी मालिकेत प्रथमच आल्यामुळे जुने मालकही रांगेत येऊन उभे राहिले.

आता ‘जास्त का बनवत नाहीत’ याकडे वळू. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. मधल्या काळात मोबाइलने छोट्या कॅमेऱ्यांचा धंदा जवळजवळ संपवला. निकॉनने २०१७ मध्ये चीनमधल्या वूशी येथील आपला कारखाना बंद केला. एवढा मोठा उतार ज्यांनी पाहिला, त्या कंपन्या एका हंगामाच्या मागणीवर विश्वास ठेवून नवी उत्पादन साखळी उभारायला धजत नाहीत, कारण मागणी ओसरली तर ती यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे दोन्ही रिकामी बसतात. माझ्या मते ही सावधगिरी ग्राहकाला त्रासदायक असली तरी समजण्याजोगी आहे.

दुसरे कारण सुट्या भागांचे आहे. सेन्सरची चिप तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात आणि तिची मागणी कारखान्याकडे फार आधी नोंदवावी लागते, त्यामुळे आज मागणी वाढली म्हणून पुढच्या महिन्यात सेन्सर वाढत नाहीत. शिवाय हे भाग मोजक्या ठिकाणी बनतात. एप्रिल २०१६ मध्ये जपानच्या कुमामोतो भागात भूकंप झाला तेव्हा सोनीचा तिथला सेन्सरचा कारखाना थांबला आणि सोनीकडून सेन्सर घेणाऱ्या इतर कंपन्यांनाही झळ बसली. त्याआधी २०११ च्या पावसाळ्याअखेर थायलंडमधल्या अयुथया भागात पूर आला, तेव्हा निकॉन आणि सोनी या दोघांचेही तिथले कारखाने पाण्याखाली गेले होते.

आपण मागितलेल्या कॅमेऱ्यात आणखी एक अडचणीचा भाग आहे, तो म्हणजे त्याचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून दृश्य पाहायची खिडकी. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला बोटाला लागेल असा एक छोटा खटका असतो. तो एका बाजूला ओढला की डोळ्याला समोरचे दृश्य काचेतून, जसे आहे तसे दिसते आणि त्यावर चौकटीच्या पांढऱ्या रेषा व एक्स्पोजरचे (प्रकाश किती घ्यायचा त्याचे) आकडे तरंगतात. पुन्हा ओढला की आत एक पडदा उतरतो आणि तेच दृश्य इलेक्ट्रॉनिक चित्र होऊन, सेन्सरला जसे दिसते तसे दिसू लागते. काच, प्रिझम आणि पडदा यांची ही जुळणी अंगठ्याएवढ्या जागेत बसवायची असते. एवढ्या नाजूक जुळणीचे काम नवी माणसे घेऊन रातोरात दुप्पट करता येत नाही.

राहिला प्रश्न आपल्या दुकानाचा. तयार झालेला माल आधी देशादेशांत वाटला जातो, मग देशातल्या वितरकाकडून विक्रेत्यांना आणि तिथे साधारणपणे वर्षभर जास्त उलाढाल करणाऱ्याचा वाटा मोठा असतो. म्हणून दुकानदाराला ‘माल कधी येणार’ असे विचारून उपयोग नाही, कारण ते बहुधा त्यालाही ठाऊक नसते. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत : आपल्या यादीत माझा क्रमांक कितवा आहे, आणि मागच्या खेपेला आपल्याकडे किती नग आले. या दोन उत्तरांवरून आपल्याला किती खेपा थांबावे लागेल याचा अंदाज घरबसल्या करता येतो. जो दुकानदार या दोन्हींचे उत्तर टाळतो त्याच्याकडे यादीच नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि तिथे नाव ठेवून काही साधत नाही. मुंबईच्या फोर्टमधल्या बोरा बाजारसारख्या मोठ्या बाजारपेठेतल्या एखाद्या अधिकृत विक्रेत्याकडेही चौकशी जरूर करावी. मात्र तिथे नग जास्त येत असले तरी रांगही लांब असते हे लक्षात ठेवावे.

शेवटी एक विचार आपल्यासाठी. या कॅमेऱ्यातला कोणता गुण आपल्याला हवा आहे हे एकदा स्वतःशी स्पष्ट करावे. त्यातून निघणारे चित्र हवे असेल, तर तोच सेन्सर आणि तीच स्थिरीकरणाची सोय फुजीफिल्मच्या मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘एक्स-टी५०’ मध्ये आणि जून २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘एक्स-ई५’ मध्येही आहे. या दोन्हींवर लहान लेन्स लावली की ते जाकिटाच्या खिशात मावतात, आणि नातवंडे खेळताना जरा दूरचा फोटो हवा झाला तर लेन्स बदलताही येते. परंतु काचेतून पाहण्याचा तो आनंद, लेन्समध्येच बसवलेले जवळजवळ निःशब्द शटर आणि कडक उन्हात उपयोगी पडणारा आतला एनडी फिल्टर (येणारा प्रकाश कमी करणारी काच), हे तिन्ही एकत्र हवे असतील तर त्याला पर्याय नाही आणि मग थांबणे योग्यच आहे. आपल्या पत्रातला नातवंडांचा उल्लेख वाचून माझा कौल लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याकडे झुकतो, कारण मुलांचे वय आपल्यासाठी थांबत नाही.

प्रश्न : माझा लग्नाच्या फोटोग्राफीचा व्यवसाय आहे. नव्याने आलेल्या एका फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीसाठी, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यासाठी, दुकानदाराला २५,००० रुपये ॲडव्हान्स दिला. पावती मागितली तर ‘आपला विश्वास आहे ना’ म्हणाला. आता माल आल्यावर तो छापील किमतीवर २०,००० रुपये ‘ऑन’ मागतो, नाहीतर बॅग, ट्रायपॉड आणि मेमरी कार्ड सोबत घ्या म्हणतो. पैसे परत मागितले तर ‘ॲडव्हान्सवर जीएसटी भरून झाला, आता परत कसा देऊ’ असे उत्तर मिळाले. मी काय करावे? (एक छायाचित्रकार, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या दुकानदाराने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी कायद्याला धरून नाहीत. हे मी शक्य तितके सविस्तर सांगतो, कारण टंचाईच्या काळात ग्राहकाचे खरे नुकसान वाट पाहण्याने होत नाही, ते अशा व्यवहारांत होते.

आधी ‘ऑन’विषयी. कॅमेऱ्याच्या खोक्याच्या एका बाजूला आयातदाराने चिकटवलेले पांढरे लेबल असते. त्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, ग्राहक सेवेचा क्रमांक आणि ‘सर्व करांसह’ अशी कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. वैध मापन कायदा, २००९ आणि त्याखालचे आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम यांनुसार किरकोळ विक्रेत्याला त्या छापील किमतीहून एक रुपयाही जास्त घेता येत नाही. मालाची टंचाई हा त्याला अपवाद नाही. हे वरचे पैसे कधीच बिलात दाखवले जात नाहीत, रोखीनेच मागितले जातात, यातच त्यांचे स्वरूप दिसते. आपल्यासारख्या जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाचे तर यात दुहेरी नुकसान आहे, कारण व्यवसायासाठी घेतलेल्या कॅमेऱ्यावरील १८ टक्के कराचे क्रेडिट (आपल्या देय करातून तो वळता करण्याची सोय) आपल्याला फक्त बिलातल्या रकमेवर मिळते. रोख दिलेले २०,००० रुपये ना खर्चात दाखवता येतात, ना विम्याच्या दाव्यात.

बॅग आणि ट्रायपॉड गळ्यात मारण्याबाबत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ स्पष्ट आहे. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणे याला त्या कायद्यात प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा म्हटले आहे. ठरलेल्या मुदतीपलीकडे माल अडवून ठेवणे, ज्यामुळे किंमत वाढली किंवा वाढण्याची शक्यता निर्माण झाली, हेही त्याच व्याख्येत येते. इथे एक भेद मात्र करावा. उत्पादकाने स्वतःच कॅमेरा आणि लेन्स एका खोक्यात, एका छापील किमतीला विकायला काढले असतील तर तो संच आहे आणि त्याला हरकत घेता येत नाही. दुकानदाराने आपल्या मांडणीवरची न खपणारी बॅग उचलून त्यासोबत देणे ही वेगळी गोष्ट आहे.

जीएसटीचे कारण तर सर्वांत पोकळ आहे. वस्तूंच्या विक्रीसाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवर, ती रक्कम हातात येताच कर भरण्याची गरज नोव्हेंबर २०१७ पासून सामान्य नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यांना नाही. कर बिल करताना भरायचा असतो. बिलच झालेले नाही, तर कर कुठला? उलट आगाऊ रकमेची लेखी पावती देणे हे त्याच कायद्याने त्याच्यावर बंधन आहे.

आता करायचे काय. आपल्याकडे पावती नाही, तरीही पुरावा असतो. पैसे यूपीआयने किंवा बँकेतून दिले असतील तर त्या व्यवहाराची नोंद, आणि दुकानदाराशी झालेले व्हॉट्सॲपवरचे बोलणे, हे जपून ठेवावे. पैसे रोख दिले असतील तर आजच त्याला संदेश पाठवावा की अमुक तारखेला अमुक मॉडेलसाठी दिलेली २५,००० रुपयांची रक्कम आपल्याकडे जमा आहे, माझा क्रमांक आला असल्यास छापील किमतीत कॅमेरा द्यावा अथवा रक्कम परत करावी. त्यावर त्याने ‘ऑन द्या मग देतो’ असे उत्तर लिहिले तरी ते आपल्या बाजूचा पुरावा होते, आणि नुसते ‘हो, बघू’ लिहिले तरी रक्कम मिळाल्याचे त्याने मान्य केले असे होते. भाषा शांत आणि व्यवहारी ठेवावी, धमकी देऊ नये.

त्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतूनही तक्रार नोंदवता येते आणि पुष्कळदा एवढ्यावरच रक्कम परत येते. छापील किमतीहून जास्त मागणीची तक्रार वैध मापन शास्त्र विभागाच्या जिल्हा कार्यालयात वेगळी द्यावी. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूबाबत ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही अशी अनेकांची समजूत आहे, आणि काही दुकानदार तिचा फायदाही घेतात. परंतु स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः काम करून पोट भरणाऱ्या माणसाने घेतलेली वस्तू व्यवसायाच्या वस्तूंसाठीच्या त्या अपवादातून कायद्याने वगळली आहे. आपण स्वतः कॅमेरा हातात घेऊन लग्नांत उभे राहत असाल तर आपण ग्राहकच आहात.

आपल्यापुढे आता लग्नसराई असेल आणि ‘भांडत बसण्यापेक्षा २०,००० देऊन मोकळे व्हावे’ असा विचार मनात येत असेल, तर तो मी समजू शकतो. तरीही माझा आग्रह आहे की पैसे देऊ नयेत. हंगामाची गरज आजच्या बॉडीवर किंवा भाड्याच्या बॉडीवर भागते. आणि नव्या यंत्रणेचे ऑटोफोकस, मेनू आणि फाइलचे स्वरूप हातात बसायच्या आधी, ज्याचे लग्न पुन्हा होणार नाही अशा माणसाच्या मांडवात ते प्रथम वापरणे मला व्यवसायाच्या दृष्टीनेही बरोबर वाटत नाही.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला आहे. तो दिवाळीला येताना कॅमेरा आणतो म्हणतो, किंवा त्याआधी भेट म्हणून कुरियरने पाठवतो म्हणतो. इथली रांग टळेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ज्या मॉडेलची टंचाई असते तिची टंचाई बहुधा तिकडेही असते, तेव्हा मुलाला आधी तिथल्या दुकानात रांग किती आहे ते पाहू द्या. दिवाळीपर्यंत त्याच्या हातात कॅमेरा येईलच असे धरून इथले नाव काढून टाकू नका.

कुरियरचा विचार सोडून द्यावा. डिसेंबर २०१९ पासून परदेशातून टपालाने किंवा कुरियरने ‘भेटवस्तू’ म्हणून शुल्क न भरता वस्तू मागवण्याची सवलत राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता बंद झालेली आहे. स्वतः आणत असेल तर प्रवाशाला सामानावर ठरावीक रकमेपर्यंत शुल्कमाफी असते आणि महागडा कॅमेरा त्या मर्यादेच्या सहज पुढे जातो. म्हणून बिल सोबत ठेवून विमानतळावर लाल मार्गिकेतून (शुल्क लागणाऱ्या वस्तू जाहीर करण्याच्या वाटेने) जाणे आणि वरच्या रकमेवर शुल्क भरून त्याची पावती घेणे हाच सरळ मार्ग आहे. ती पावती पुढे विकताना आणि विमा काढतानाही कामी येते. खोके आणि बिल फेकून, पट्टा लावून, ‘जुनाच आहे’ असे भासवून आणण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तो सल्ला मी देणार नाही.

यापेक्षा महत्त्वाची बाब वॉरंटीची आहे. कॅमेऱ्याच्या बॉडीची वॉरंटी बहुतेक कंपन्या ज्या देशात विक्री झाली त्या देशापुरतीच देतात. मुलाला खोक्यातल्या वॉरंटी कार्डावर कोणता प्रदेश लिहिला आहे ते खरेदीआधी वाचायला सांगा. इथे बिघाड झाल्यास पैसे देऊनही दुरुस्ती होईल की नाही हे त्या कंपनीच्या इथल्या सेवा केंद्राला मेल लिहून विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. ज्या कॅमेऱ्यात लेन्स बॉडीलाच पक्की जोडलेली आहे त्याच्या बाबतीत तर ही चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण त्यात लेन्सचा बिघाड म्हणजे साऱ्या कॅमेऱ्याचाच बिघाड.

प्रश्न : मी हौशी वन्यजीव छायाचित्रकार आहे. मे महिन्यात ताडोब्याची सफारी पक्की झाली आहे. नुकत्याच जाहीर झालेल्या एका वरच्या दर्जाच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीसाठी नाव नोंदवले आहे, पण तोवर ती मिळेल अशी खात्री नाही. सफारी पुढे ढकलावी का? शिवाय काही मित्र म्हणतात की पहिल्या खेपेचा माल घेऊच नये. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सफारी ढकलू नका. मे महिन्यात पाणवठे आटत आलेले असतात, झाडोरा विरळ झालेला असतो आणि वाघ पाण्यापाशी दिसण्याची शक्यता वर्षातली सर्वाधिक असते. पुढे जुलैपासून पावसाळ्यासाठी गाभा क्षेत्र बंद होते आणि ऑक्टोबरात उघडते तेव्हा गवत उंच असते. कॅमेरा कधीही मिळेल, हे आठवडे मात्र वर्षातून एकदाच येतात.

मित्रांचे म्हणणे निराधार नाही. ज्या ‘एक्स१००’विषयी वर लिहिले आहे, त्याच्या सुरुवातीच्या अनेक नगांत लेन्सच्या डायफ्रॅमची (प्रकाशाचे छिद्र लहान-मोठे करणारी) पाती चिकटून बसत आणि फोटो पांढरे पडत. २०१२ मध्ये आलेल्या निकॉन ‘डी६००’ च्या सेन्सरवर ठिपके उमटत असल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने त्यासाठी सेवा सूचना काढली आणि २०१३ मध्ये ‘डी६१०’ आणला. अगदी अलीकडे, मे २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निकॉन ‘झी ८’च्या काही नगांत लेन्स नीट बसत नाही आणि पट्ट्याच्या कड्या सैल होतात, म्हणून कंपनीने त्याच वर्षी ते नग तपासून विनामूल्य दुरुस्त करून दिले. कॅननचा ‘आर५’ जुलै २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा लांबलचक व्हिडिओ घेताना तो तापून थांबतो याची मोठी चर्चा झाली आणि त्यावर पुढच्याच महिन्यात नवे फर्मवेअर (कॅमेरा चालवणारी आतली आज्ञावली) आले. हे सगळे नावाजलेल्या कंपन्यांचे, अव्वल दर्जाचे कॅमेरे आहेत आणि त्यांतले बहुतेक आजही उत्तम चालतात. सांगायचे इतकेच, की पहिल्या खेपेत मागे पडलेल्या ग्राहकाला हे दोष दुसऱ्याच्या नगात उघडकीस आलेले पाहायला मिळतात. शिवाय फर्मवेअरने कॅमेरा सुधारतोही. ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निकॉन ‘झी ९’ची मागणी पुरवताना कंपनीची दमछाक झाली होती. ज्यांना तो उशिरा मिळाला त्यांना एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या मोठ्या फर्मवेअरसह अधिक सक्षम कॅमेरा हातात आला.

मात्र ‘घेऊच नये’ इथवर मी जाणार नाही. पहिल्या खेपेतला नग मिळाला तर तो घ्यावा, फक्त पहिल्या आठवड्यात कसोशीने तपासावा : जड लेन्स लावून-काढून पाहावी, पट्ट्याच्या कड्या हलतात का पाहावे, छिद्र लहान करून स्वच्छ आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे ठिपके शोधावेत, दोन्ही कार्डांच्या खाचांत सलग फोटो भरून पाहावेत. काही आढळले तर बदलून मागण्याची वेळ तीच असते. बिलावरचा क्रमांक, बॉडीवरचा क्रमांक आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक एकच आहे हे दुकानातच पडताळावे.

या मे महिन्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे आपल्याकडची सध्याची बॉडी. ती कोणती हे आपण लिहिलेले नाही, परंतु जंगलात बॉडीपेक्षा लांब पल्ल्याची लेन्स आणि उजेडाची जाण यांनी फरक जास्त पडतो, आणि पहाटेच्या उजेडासाठी एखादी अधिक प्रकाश घेणारी लेन्स भाड्याने घेतलीत तर नव्या बॉडीपेक्षा तिचा लाभ मोठा असेल. दुसरी म्हणजे आपण नोंदवलेल्याच कंपनीची आधीची वरच्या दर्जाची बॉडी भाड्याने घेणे. नागपूर, पुणे, मुंबईत अशी साधने भाड्याने मिळतात. घेताना ओळखपत्राची प्रत आणि अनामत रक्कम द्यावी लागते, त्याची पावती घ्यावी, आणि साधन हातात घेण्याआधी त्यावरच्या ओरखड्यांचे फोटो दुकानदारासमोरच काढून ठेवावेत. जिप्सीत बसायच्या किमान आठवडाभर आधी ती बॉडी घरी आणा. अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर उडते पक्षी टिपण्याचा सराव करा. डोळा ओळखणारे ऑटोफोकस कोणत्या बटणाला लावायचे हे तिथेच ठरले पाहिजे, वाघ समोर आल्यावर नव्हे.

आपली जुनी बॉडीही घरी ठेवून जाऊ नका. तिला मध्यम पल्ल्याची लेन्स लावून मांडीवर ठेवा, म्हणजे वाघ रस्त्यावर जिप्सीजवळ आला तर उन्हाळ्यातल्या त्या धुळीत लेन्स बदलत बसावे लागणार नाही. दोन्ही बॉडींचे घड्याळ आदल्या रात्री एकसारखे लावून ठेवा, नाहीतर परतल्यावर फोटो क्रमाने लावताना फार वेळ जातो.